डोंगरमाथ्यावरील परके गाव

परदेशातील एखादे शहर एका दिवसात पाहू इच्छिणारा प्रवासी सकाळी हाती नकाशा घेऊन निघतो, यादीतील स्थळे एकामागून एक पाहतो आणि संध्याकाळी दमून मुक्कामी परततो. स्थळांची नावे त्याला नवीन असतात. त्यांचा उच्चारही त्याला नीट साधत नाही. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात असे एक गाव आहे की, तेथे गेलेला मराठी माणूसही दिवसभर असाच परका पाहुणा होऊन हिंडतो. ते गाव म्हणजे माथेरान. लुईझा, शार्लोट, अलेक्झांडर, पॅनोरामा, पॉर्क्युपाइन ही नावे पाट्यांवर वाचताना आपण कर्जतच्या डोंगरावर आहोत की विलायतेत, असा प्रश्न पडावा.

या नावांचा उगम १८५० सालात सापडतो. त्या वर्षी मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा तळ खालापूर तालुक्यातील चौक या गावी पडला होता. समोरचा डोंगर पाहून त्यांना तो चढून जाण्याची इच्छा झाली. माथ्यावर दाट झाडी, गार वारा आणि ओढ्याच्या पात्रात पाणी पाहून ते प्रसन्न झाले, आणि पुढे त्यांनी तेथे घर बांधले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनाही ही जागा आवडली. मग उन्हाळा सोसवत नसलेली गोरी मंडळी तेथे येऊ लागली. ‘मॅलेटसाहेबांनी माथेरान शोधले’ असे पुस्तकांतून लिहिलेले आढळते. ते तितकेसे खरे नव्हे. धनगर, ठाकूर व कातकरी लोक या डोंगराच्या अंगाखांद्यावर आधीपासूनच नांदत होते, आणि ‘माथ्यावरचे रान’ हे साधे, नेमके नाव मराठीच आहे.

आरंभी पाहुणे नेरळहून घोड्यावर किंवा पालखीत बसून वर जात. १९०७ साली आदमजी पीरभाय यांच्या कुटुंबाने दोन फूट रुंदीच्या रुळांची छोटी आगगाडी सुरू केली. सुमारे एकवीस किलोमीटरची ही वाट नागमोडी वळणे घेत चढते. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्थानके मागे टाकीत गाडी सावकाश माथ्यावर येते. मोटारीने येणाऱ्यास मात्र दस्तुरी नाक्यावर उतरावेच लागते. गावात मोटारींना बंदी आहे. पुढे तांबड्या मातीची वाट, दुतर्फा झाडी आणि झाडांवर माकडांची टोळी. हातातला खाऊ सांभाळणे इष्ट!

मग सुरू होते ‘पॉइंट’ पाहण्याची धांदल. सूर्योदय पॅनोरामावरून पाहावा. तेथून उल्हास नदीचे खोरे आणि नेरळची घरे दिसतात. लुईझावर उभे राहिले की दरीपलीकडे प्रबळगडाचा प्रचंड पहाड समोर येतो. सूर्यास्तासाठी गर्दी पॉर्क्युपाइनकडे लोटते. शार्लोट तलावाचे पाणी गावाला पिण्यास लागते. त्याच्याच काठी ग्रामदैवत पिसरनाथाचे मंदिर आहे. या परक्या नावांच्या गर्दीत गारबट, रामबाग, चौक ही देशी नावेही तग धरून राहिली आहेत, हे जाणत्या प्रवाशाच्या ध्यानात येते. परंतु एक गोष्ट बहुधा निसटते. माथेरानचा प्रत्येक पॉइंट बाहेर पाहण्यासाठी आहे. प्रवासी कड्यावर उभा राहून दूरची दरी न्याहाळतो, आणि गाव त्याच्या पाठीमागे राहते.

पाठीमागे राहणाऱ्या या गावात माणसे दोन हातांनी रिक्षा ओढीत आली. मोटारींना बंदी, म्हणून प्रवाशांना आणि त्यांच्या बोजांना वाहून नेण्याचे काम घोड्यांच्या बरोबरीने माणसांकडे आले. चढावर पुढून एकाने ओढायची, मागून दुसऱ्याने रेटायची आणि उतारावर साऱ्या अंगाचा भार देऊन ती आवरायची, असे हे कष्ट. पावसाने धुपलेल्या वाटेवर तर पाय ठरणेही कठीण. पोटासाठी पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालले. त्या वेळी आत बसलेला प्रवासी बहुधा झाडीची शोभा पाहण्यात दंग असे. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधा आणणारी ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि रिक्षा ओढणाऱ्यांचे विजेवर चालणाऱ्या रिक्षांद्वारे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला.

पॉइंटांच्या यादीत सहसा न सापडणारे आणखी एक नाव आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच भाई कोतवाल, यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्ये एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. गोऱ्या साहेबांच्या सुखासाठी वसलेल्या गावातील हा मुलगा वकील झाला आणि सावकारांच्या पाशात सापडलेल्या शेतकऱ्यांसाठी झटू लागला. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले. मुंबईचे कारखाने थांबावेत, हा त्यामागील हेतू. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते व त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. ज्यांना शार्लोट कोण हे ठाऊक नसूनही तिचा तलाव पाहायचा असतो, त्यांनी गावातील कोतवालांच्या स्मारकापाशी घटकाभर थांबण्यास हरकत नसावी.

दिवस कलू लागतो. प्रवासी चिक्की आणि चपला घेऊन गाडीकडे वळतात. उन्हाळ्यात करवंदे, जांभळे विकण्यास आलेल्या बायका रिकाम्या पाट्या डोक्यावर घेऊन पायवाटांनी डोंगर उतरू लागतात. दक्षिणेकडे अशीच एक वाट ‘वन ट्री हिल’जवळून चौककडे जाते. १८५० साली मॅलेटसाहेब त्याच बाजूने वर आले होते.