गोठ्याची गंगाजळी

आज बोलायचं आहे जनावराच्या दुखण्याला लागणाऱ्या पैशाबद्दल. औषध कोणतं आणि किती, ते डॉक्टर सांगतील. पण डॉक्टर दारात उभे असताना आपल्या हातात काय असतं, हा आपला विषय.

पाऊस बरा झाला, दूध चालू आहे, बाजारात दर आहे, अशा दिवसांत शेळी आजारी पडली तर आपण निभावून नेतो. दुष्काळात मात्र सगळंच उलटं होतं. वैरण संपली की भुकेलं जनावर मिळेल ते खातं. बुरशी आलेला कडबा खातं, उकिरड्यावरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या खातं, पाण्यावाचून खुरटलेली कोवळी ज्वारी खातं आणि त्याला किराळ लागते. पाणी तळाचं, गढूळ. छावणीत दावणीला दावण लागते, तिथं एकाचं दुखणं दुसऱ्याला होतं. म्हणजे दुखणी वाढतात ती नेमकी हातात पैसा नसताना. दूध आटलेलं असतं, मजुरी मिळत नाही, डेअरीच्या बिलातून पेंडीची उधारी कापली जाते.

मग आपण काय करतो? एका शेळीच्या औषधासाठी दुसरी शेळी बाजारात नेतो. पण त्या आठवड्यात सगळा तालुकाच जनावरं विकायला निघालेला असतो. आटपाडीचा बाजार घ्या, सांगोल्याचा घ्या, दुष्काळात तिथं विकणारे जास्त आणि घेणारे थोडे. एरवी दहा हजाराला जाणारी गाभण शेळी, समजा, सहा हजाराला गेली. औषधाला लागले बाराशे. हिशेबाच्या वहीत आपण बाराशेच लिहितो. बाजारात गेलेले चार हजार कुणी लिहीत नाही, आणि त्या शेळीच्या पोटातली करडं तर नाहीच नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. व्यायलेली गाय दुसऱ्या दिवशी बसली, कान गार पडले, मान कुशीकडे वळली, तर तो बहुतेक दुग्धज्वर असतो. शिरेतून कॅल्शियमची सलाईन वेळेत मिळाली तर अशी गाय कित्येकदा काही तासांत उठून उभी राहते. तीच गाय “सकाळी पैशाचं बघू” म्हणून रात्रभर तशीच ठेवली तर हातची जाऊ शकते. किराळीत तर तेवढीही सवड नसते. वार अडकणं, वासरू आडवं येणं, पोट फुगणं, सगळ्यांचं तसंच. पहिल्या दोन तासांत हातात असलेले हजार रुपये पुढच्या आठवड्यात मिळणाऱ्या पाच हजारांपेक्षा मोठे असतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की गटाच्या बचतीशेजारी गोठ्याची वेगळी गंगाजळी ठेवा. आकडा छोटा असू द्या, पण जनावरामागे असू द्या. समजा गटात बारा जणी आहेत आणि प्रत्येकीकडे तीन शेळ्या आणि एक गाय आहे. शेळीमागे महिन्याला १० रुपये आणि गाईमागे ५० रुपये ठेवले, तर एकीचे होतात ८०. बारा जणींचे ९६०. वर्षाला ११,५२० रुपये. ही रक्कम बाराही गोठ्यांना एकाच दिवशी पुरायची नाही, पण बाराही गोठ्यांवर एकाच दिवशी वेळही येत नाही. (साथ आली तर येते, तिच्याबद्दल पुढे सांगते.)

सुरुवात सुगीत करा. दुष्काळ जाहीर झाल्यावर गंगाजळी उभी राहत नाही. ज्या महिन्यात करडं विकली त्या महिन्यात थोडे जास्त टाका, मे महिन्यात कमी टाकले तरी चालतील असं आधीच ठरवा. दर महिन्याला सारखीच रक्कम हवी, हा हट्ट बँकेच्या हप्त्याला ठीक आहे, आपल्या गोठ्याला नाही.

आता नियमांकडे येऊ, कारण भांडणं इथंच होतात. सगळा पैसा बँकेत असेल तर रविवारी रात्री उपयोग शून्य, आणि काढायला दोघींच्या सह्या लागतात त्या वेगळ्याच. म्हणून दोन हजार रुपये गावातच, एका सभासदेच्या घरी, बंद पाकिटात ठेवा. दर बैठकीत ते सगळ्यांसमोर मोजा. हजार रुपयांपर्यंत त्याच रात्री द्यायचा अधिकार दोघींना द्या आणि त्या दोघी एकाच घरातल्या नसाव्यात. त्यापुढची रक्कम बैठकीत ठरवा. पैसे बिनव्याजी, चार हप्त्यांत परत. जनावर मेलं तर किती माफ करायचं, तेही आजच लिहून ठेवा. रडणाऱ्या बाईसमोर बसून हा नियम करता येत नाही. या पैशाची नोंदवही वेगळी ठेवा. गटाच्या अंतर्गत कर्जात तो मिसळला की बियाण्याला आणि शाळेच्या फीला कधी संपला ते कळतही नाही.

आणखी एक ठरवायला अवघड असलेली गोष्ट. म्हाताऱ्या शेळीवर किती खर्चायचं? दुभत्या म्हशीवर कुठवर? जीव लावलेला असतो, तोंडातून आकडा निघत नाही. तरी घरात बोलून ठेवा. डॉक्टरांना पहिल्या भेटीतच विचारा, “वाचायची आशा किती, आणि एकूण खर्च कुठवर जाईल?” असं विचारण्यात लाज नाही. बहुतेक डॉक्टर सरळ उत्तर देतात.

आता पैसे न लागणाऱ्या गोष्टी. १९६२ हा पशुसंवर्धनाचा मोफत फोन क्रमांक आहे, सालाचा आकडा नव्हे. जिथं फिरता पशुवैद्यकीय दवाखाना आहे तिथं तो याच क्रमांकावरून मिळतो. हा क्रमांक आणि आपल्या दवाखान्याच्या डॉक्टरांचा क्रमांक खडूनं गोठ्याच्या दारावर लिहा. मोबाइल बहुतेक वेळा घरच्या माणसाच्या खिशात असतो आणि तो नेमका बाहेरगावी असतो.

लसीचंही तसंच. लाळ्या खुरकुताची लस २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत टोचली जाते. शेळ्यांना पीपीआरची एक लस साधारण तीन वर्षं पुरते. आंत्रविषार, घटसर्प, फऱ्या यांच्या लसी पावसाळ्याच्या आधी टोचून घ्यायच्या आणि जंताचं औषध पावसाळ्याच्या आधी व नंतर द्यायचं. गावात उमेदची पशुसखी असेल तर तिला गटाच्या बैठकीला बोलवा. साथ आली की गंगाजळी पुरत नाही असं मघाशी म्हटलं, त्यावर उपाय हाच. साथीला पैशानं अडवता येत नाही, लसीनं येतं.

विम्याबद्दल गैरसमज फार. जनावराचा विमा औषधाचे पैसे देत नाही, जनावर मेल्यावर देतो. त्यामुळे विमा आहे म्हणून गंगाजळी नको, असं होत नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ मध्ये बदल झाला आणि पशुपालकाचा हप्त्यातला वाटा १५ टक्क्यांवर आला. समजा गाईचा हप्ता २,४०० रुपये असेल, तर आपले ३६०, बाकीचे सरकारचे. आपल्या तालुक्यात या वर्षी विमा सुरू आहे का, ते दवाखान्यात विचारा. जनावर दगावलं तर आधी विमा कंपनीला आणि डॉक्टरांना कळवायचं, शवविच्छेदन करून घ्यायचं, कानातल्या बिल्ल्यासह फोटो काढायचा, आणि मगच पुरायचं. बिल्ला पडला असेल तर लगेच दुसरा मारून घ्या. त्या १२ आकड्यांवाचून पुढचं काहीच हलत नाही.

वीज पडून किंवा पुरात जनावर मेलं तर सरकारी मदत असते. २०२२ ते २०२६ साठी ठरलेल्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,००० अशी रक्कम होती. तलाठ्याला त्याच दिवशी कळवून पंचनामा करून घ्या. बिबट्यानं किंवा लांडग्यानं मारलं तर वनखात्याला कळवा, आणि ते येईपर्यंत मेलेलं जनावर जागचं हलवू नका. साध्या आजाराला मात्र अशी भरपाई नसते. लम्पीच्या वेळी, २०२२ मध्ये, राज्य सरकारनं गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये दिले, पण तो त्या साथीपुरता निर्णय होता.

आता जरा नाजूक बोलते. बिल्ला मारताना जनावर कुणाच्या नावावर नोंदलं जातं, हे तुमच्यातल्या कितीजणींनी पाहिलं आहे? शेण काढते बाई, धार काढते बाई, शेळी घेतली तिच्या बचतीतून, आणि नोंद असते घरच्या कर्त्या पुरुषाची. मग विमा, भरपाई, सगळं त्याच्याच खात्यात. घरात भांडण लावायला मी हे सांगत नाही. पण गटाच्या कर्जातून घेतलेली शेळी तुमच्या नावावर आणि खातं तुमचं, एवढं मागायला हरकत नसावी. बिल्ला मारायला माणूस येईल तेव्हा आपलं आधार कार्ड घेऊन आपणच समोर उभं राहायचं.

राहिलं राखणीचं कुत्रं. त्याला या विम्यात जागा नाही आणि ते दूधही देत नाही, म्हणून कुणी मोजत नाही. पण पिसाळलेलं कुत्रं वाड्यात घुसलं तर पहिलं तेच अंगावर घेतं आणि तेच पिसाळलं तर चावा शेळ्यांना आणि पोरांना. चावलेल्या प्रत्येक जनावराला इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स द्यावा लागतो आणि तो खर्च गंगाजळी एका फटक्यात रिकामी करतो. त्यापेक्षा कुत्र्याला वर्षातून एकदा रेबीजची लस टोचा. माणसाला चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका, आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. तिथं ही लस मोफत मिळते. नोंदवहीत शेळी आणि गाय यांच्यापुढे कुत्र्याचाही एक रकाना आखा, महिन्याला पाच रुपयांचा.