मिठागरातले अदृश्य रहिवासी

घर : समुद्राच्या पाण्यात मीठ सुमारे ३.५ टक्के असते. नायगाव-जूचंद्रच्या मिठागरांत ऊन ते पाणी आटवते आणि प्रमाण २५ टक्क्यांपुढे गेले की मीठ धरू लागते. अशा पाण्यातही लवणप्रिय सूक्ष्मजीव जगतात.

तग : हॅलोमोनाससारखे जिवाणू पेशीत ‘एक्टोइन’ हे संयुग साठवतात. त्यामुळे पेशीतले पाणी टिकते.

रंग : जून २०२०मध्ये खाऱ्या पाण्याचे लोणार सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यामागे हॅलोआर्किया आढळले. हे सूक्ष्मजीव जिवाणूंहून वेगळ्या कुळातले, पण तेही मीठवेडे.

उपयोग : त्वचेच्या मलमांत एक्टोइन वापरतात. हॅलोमोनासपासून कुजणारे प्लास्टिक बनते. खारे सांडपाणी शुद्ध करण्यासाठीही हे जिवाणू उपयोगी पडू शकतात.

मिठागर बुजले, की हा ठेवाही बुजतो.