खाजणातलं काळं कुलूप

ऐरोलीच्या बाजूने ओहोटीला ठाणे खाडीवर गेलात तर सडक्या अंड्यांचा वास येतो. नाक दाबून आपण शहराच्या सांडपाण्याला शिव्या घालतो. त्या निम्म्या रास्तच. पण तिवरांखालचा चिखल स्वच्छ खाडीतही थोडाफार असाच वास मारतो, आणि खाडी अजून तग धरून आहे त्यात या वासामागच्या रसायनाचा मोठा हात आहे.

चिखलाचा वरचा थर तपकिरी असतो. बोट जरा खोल घातलं की काळाकुट्ट गाळ लागतो. तिथे हवा पोचत नाही. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि त्यातून सल्फाइड तयार होतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६०च्या दशकापासून कारखाने उभे राहिले. तिथून आणि शहरातून वाहत आलेलं शिसं, जस्त, तांबं या सल्फाइडशी जखडलं जातं. काही धातू चिकणमातीच्या बारीक कणांना आणि कुजलेल्या पानांनाही चिकटतात. तिवरांची वर आलेली मुळं पाण्याचा वेग मोडतात, म्हणून हा गाळ तिथेच बसतो. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, पण धातू काही कुजून नाहीसा होत नाही.

झाडही सावध असतं. मुळांतून पाझरणाऱ्या ऑक्सिजनमुळे त्यांच्यावर लोखंडाच्या गंजाचं पुट चढतं, त्यात बरेच धातू अडकतात. जे आत शिरतात तेही बहुतेक मुळांतच राहतात, पानांपर्यंत कमीच जातात. पारा मात्र लबाड. सल्फेट वापरणारे हेच जिवाणू त्याचं मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो माशांमार्फत आपल्या ताटात येऊ शकतो.

धातू जखडून ठेवणारं हे सल्फाइडचं कुलूप उघडतं ते हवेने. चिंबोरीच्या बिळातून हवा शिरते ती चिमूटभर. पण बांध घालून खाजण सुकवलं किंवा यंत्राने गाळ उपसून काठावर टाकला, की सल्फाइडचं गंधकाम्ल होतं, मातीचा सामू चारच्याही खाली उतरू शकतो आणि जखडलेले धातू सुटून पाण्यात येतात. केरळातल्या कुट्टनाडच्या काळ्या 'करी' जमिनीत अशाच आम्लाशी भातशेतकरी चुना टाकून झगडत आले आहेत.

ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तिथल्या गाळात एकूण धातू किती, एवढाच आकडा छापून यावा, हे मला अपुरं वाटतं. त्यातला किती घट्ट बांधलेला आणि किती सहज सुटणारा, हे वेगळं मोजता येतं. फावडं मारण्याआधी तो आकडा मागायला हवा.