परदेशातील मृत्यू आणि शवविच्छेदनाची मागणी
मांजरसुंब्यासारख्या गावातून आखातात गेलेल्या तरुणाचा तेथे मृत्यू झाला, की मृतदेह मायदेशी आणण्याच्या धावपळीत मृत्यूच्या कारणाचा प्रश्न मागे पडतो. संशय असल्यास मात्र तोच प्रश्न आधी विचारायला हवा. विमानाने पाठविण्यापूर्वी मृतदेहावर सहसा फॉर्मेलिनसारख्या रसायनांची प्रक्रिया केली जाते. त्यामुळे मृतदेह टिकतो; पण विष वा मद्याचा अंश शोधणे कठीण होते. म्हणून या प्रक्रियेपूर्वीच स्थानिक पोलिसांकडे शवविच्छेदनाची लेखी मागणी करून तिची प्रत भारतीय दूतावासाला द्यावी. निर्णय त्या देशाच्या कायद्यानुसार होतो. दूतावास पाठपुरावा करू शकतो, आदेश देऊ शकत नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘मदद’ पोर्टलवरही तक्रार नोंदविता येते.

मृतदेह भारतात आल्यावर पुन्हा शवविच्छेदन होऊ शकते. त्यासाठी पोलिसांकडे अर्ज करावा; दाद न मिळाल्यास न्यायालयात जावे. परदेशातील अहवाल व त्याचे भाषांतर सोबत असावे, कारण पहिल्या तपासणीत काढून घेतलेले अवयव दुसऱ्या वेळी उपलब्ध नसतात. बीड जिल्ह्यात अंबाजोगाई येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मात्र हे सारे अंत्यसंस्कारापूर्वीच व्हायला हवे; अग्नी दिल्यानंतर तपासण्यासारखे फारसे काही उरत नाही.