रात्री न निवणारं शहर

पुण्यात एप्रिलमधली रात्र किती उकाड्याची गेली, हे एका आकड्यावरून कळत नाही. शिवाजीनगरपेक्षा मगरपट्ट्यातला किमान पारा वरचेवर काही अंशांनी चढाच असतो. शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाची शेतं आहेत, मगरपट्ट्यात दाट बांधकाम. फरकात त्याचा मोठा वाटा आहे.

दुपारी चित्र फसवं असतं. नांगरून ठेवलेली भोवतालची कोरडी रानं इतकी तापतात, की उपग्रहाला कधीकधी शहराची जमीनच त्यांच्यापेक्षा थंड दिसते. शहराचं खरं दुखणं सूर्य मावळल्यावर कळतं.

नवं डांबर ऊन जेमतेम 5 टक्के परतवतं, गवत 20 टक्क्यांच्या आसपास. शिवाय ओल्या हिरवळीतून एक लिटर पाण्याची वाफ झाली, की सुमारे 24 लाख ज्यूल उष्णता तिच्यात खर्ची पडते. डांबराला ही सोय नाही. दिवसभराची उष्णता रस्त्यात, भिंतींत, स्लॅबमध्ये मुरते. ती अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडते: 30 अंशांच्या जमिनीतून दर चौरस मीटरला साधारण 450 वॅट, 60 अंशांच्या डांबरातून 660.

उघड्या माळावरून हे किरण थेट वर जातात. कोरड्या, निरभ्र रात्री आकाशाकडून परत येणारी उष्णता बरीच कमी असते, म्हणून माळ पहाटेपर्यंत गार पडतो. आता दहा मजली इमारतींमधल्या बोळात उभं राहून वर पाहा. आकाशाची चिंचोळी पट्टी दिसेल. समोरासमोरच्या भिंती एकमेकींनाच तापवत राहतात. कॅनडातले हवामानशास्त्रज्ञ टिम ओक यांनी 1981 मध्ये हा संबंध मांडला: आकाश जितकं कमी दिसेल, तितकी शांत, निरभ्र रात्री शहर आणि आजूबाजूच्या गावांच्या तापमानातली तफावत जास्त. झाडं हवीतच, पण दोन इमारतींमध्ये किती अंतर सोडलं, याचीही तितक्याच काटेकोरपणे विचारणा व्हायला हवी.

सगळ्यांत जास्त सोसतात ती पत्र्याखालची घरं. नवा चकचकीत पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण धातू असल्याने स्वतःची उष्णता अवरक्त किरणांतून फार कमी सोडतो. जुना, मळका झाला की ऊन परतवणंही संपतं. पांढऱ्या रंगाचा हात दिला तर दोन्ही गोष्टी सुधारतात: ऊन परत जातं आणि उरलेली उष्णताही झपाट्याने बाहेर पडते. अहमदाबादने 2017 मध्ये वस्त्यांमधली छपरं रंगवायला घेतली, ती याच तत्त्वावर. त्यासाठी लागतो तो एक डबा रंग, एक ब्रश आणि मार्चअखेरची एखादी सकाळ.