खाटेजवळचा फोटो आणि पेन्शनची फाईल

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करून आमचे नेकनूर-मांजरसुंबा भागातले लोक रात्रभर प्रवास करतात आणि ७ तारखेला गावी पोहोचतात. नेमका त्याच दिवशी सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९ साली, बाबासाहेब कायदामंत्री असताना, केंद्र सरकारने हा दिवस ठरविला. शाळा-कचेऱ्यांतून लाल, गडद निळा आणि फिकट निळा असा छोटा झेंडा छातीवर लागतो, डब्यात नोटा पडतात. हा निधी शहिदांच्या कुटुंबांसाठी, माजी सैनिकांसाठी आणि लढताना जायबंदी झालेल्या जवानांसाठी असतो. शहिदाच्या नावाने निदान एखादा चौक होतो. जायबंदी जवान मात्र जिवंत असतो, त्याला रोज दोन वेळचे जेवण आणि औषध लागते. त्यामुळेच तो पुढाऱ्यांना फार दिवस परवडत नाही.

दवाखान्यात जाऊन जखमी जवानाची विचारपूस करण्याची प्रथा जुनी आहे. १९६५ च्या युद्धात रणगाड्यात भाजलेल्या मेजर भूपिंदरसिंग यांच्या खाटेजवळ पंतप्रधान लालबहादूर शास्त्री गेले होते. पंतप्रधानांसमोर उठून उभे राहता येत नाही म्हणून त्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले, असे सांगतात. काही दिवसांतच ते वारले. गलवाननंतर ३ जुलै २०२० रोजी पंतप्रधान मोदी लेहच्या लष्करी रुग्णालयात गेले. तो खरा वॉर्ड की सजविलेला हॉल, यावर देशभर वाद झाला आणि लष्कराला खुलासा करावा लागला. त्या वादात आम्हाला रस नाही. शास्त्री गेले हे चांगले, मोदी गेले हेही चांगले. पण भेट एका दिवसाची असते आणि जखम जन्मभराची.

गांधींशी आमचे मतभेद जगजाहीर आहेत. तरी बोअर युद्धात, १८९९-१९०० साली, त्यांनी भारतीयांचे रुग्णवाहक पथक उभारून जखमी सैनिक रणांगणातून वाहून आणले, हे आम्ही नाकारीत नाही. विचारपुशीपेक्षा ते निश्चितच मोठे काम होते. मात्र त्या पथकातील सुमारे अकराशे माणसांपैकी बहुसंख्य गिरमिटिया मजूर होते आणि युद्धपदके मिळाली ती पुढाऱ्यांना! डोली कोणाच्या खांद्यावर होती, हे आमच्या समाजाला वेगळे सांगायला नको.

अमेरिकेतही वेगळे नाही. इराक युद्धाच्या काळात अध्यक्ष बुश वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड रुग्णालयात जखमी सैनिकांना भेटत असत. २००७ साली तिथल्या वृत्तपत्राने उघड केले की, त्याच रुग्णालयाच्या एका इमारतीत जखमी सैनिक बुरशी लागलेल्या खोल्यांत कागदपत्रांची वाट पाहत पडून होते. अध्यक्षांना ती इमारत कोणी दाखविली नसावी!

आता आपल्याकडची इमारत पाहू. ती विटांची नाही, फायलींची आहे. अपंगत्व ५० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पेन्शनसाठी ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५ आणि त्यापुढे १००, अशी सवलत १९९६ पासून होती. पण ती जखमेमुळे नोकरीतून काढून टाकलेल्यांनाच! जखम अंगावर वागवीत ज्याने पूर्ण मुदत सेवा केली, त्याला नाही. असे जवान न्यायाधिकरणात जिंकले की सरकार त्यांच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील करी. काँग्रेसच्या काळात ही अपिले झाली, भाजप आल्यावरही चालू राहिली. अखेर डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने अशी शेकडो अपिले फेटाळली. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी २०१५ साली हे खटले कमी करण्यासाठी समिती नेमली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण जून २०१९ मध्ये, जवानांच्या नावाने मते मागून निवडणूक जिंकल्यानंतर महिन्याभरात, मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांच्या अपंगत्व पेन्शनवर आयकराचे परिपत्रक निघाले. ज्या हाताने सलाम केला, त्याच हाताने कात्री चालविली.

पेन्शन म्हणजे काय, हे आमच्या चळवळीला ठाऊक आहे. महूच्या लष्करी शाळेत शिकविणारे सुभेदार रामजी सकपाळ निवृत्त झाले तेव्हा त्यांना महिना ५० रुपये पेन्शन होती. पुढे त्यांनी नोकरीही केली. पण भिवाच्या शाळेला त्या पेन्शनचा आधार होता. त्याच सुमारास ब्रिटिशांनी महारांची भरती बंद केली आणि अनेक घरांतली अशी पेन्शन पुढच्या पिढीला मिळालीच नाही. ते दार कायमचे उघडायला १९४१ साल उजाडले. बाबासाहेब तेव्हा संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि बेळगावला महार पलटण उभी राहिली.

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकरांचे पाहा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे शरीर निकामी झाले. १९७२ साली हायडेलबर्गला त्यांनी अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री मिळाली २०१८ साली. मध्ये ४६ वर्षे गेली आणि किती पंतप्रधान झाले, ते वाचकांनीच मोजावे.

नेकनूरहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे आमची पोरे भरतीसाठी धावतात. आईबाप उसाच्या फडावर, पोरगा रस्त्यावर. २०२२ साली अग्निपथ योजना आली. त्या वेळी जाहीर झालेल्या नियमांप्रमाणे कर्तव्यावर अपंगत्व आले तर १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख एकरकमी, शिवाय उरलेल्या मुदतीचा पगार आणि सेवानिधी. पेन्शन नाही. रक्कम ऐकून पोरे हरखतात. त्यातल्याच एकाने परवा आम्हाला विचारले, "दादा, विसाव्या वर्षी पाय गेला तर साठाव्या वर्षापर्यंत हे पैसे पुरतील का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. येत्या ७ डिसेंबरला पुढारी डब्यात नोट टाकताना फोटो काढायला उभे राहतील, तेव्हा हा पोरगा सोबत नेऊन त्यांना हाच हिशेब आम्ही विचारणार आहोत.