दुखरा पाय, कोटींचा करार

भुसावळच्या डी. एस. ग्राउंडवर घोट्याला क्रेप बँडेज गुंडाळून उतरणारं पोरही जाणतं, दुखरा पाय वळतानाच दगा देतो.

स्वीडिश फुटबॉलपटू फ्रेडी ल्युंगबर्गची कारकीर्द दुखापतींनी पोखरली होती. 2012 मध्ये त्याने निवृत्तीही जाहीर केली. तरी 2014 च्या पहिल्या इंडियन सुपर लीगसाठी मुंबई सिटीने त्यालाच मुख्य खेळाडू म्हणून आणलं. तो जेमतेम चार सामने खेळला. आठ संघांत मुंबई सातवी.

मांडीमागचा स्नायू एकदा फाटला, की पुन्हा फाटण्याचा धोका वाढतो. बाकावरच्या खेळाडूचा पगार मात्र चालूच राहतो.

रियल माद्रिदने 2019 मध्ये एडन अझारसाठी सुमारे 10 कोटी युरो मोजले. दुखापतींमुळे चार हंगामांत सामने फक्त 76! ऑक्टोबर 2023 मध्ये, 32 व्या वर्षी, तो निवृत्त झाला.